रंगखाना गप्प आहे

रंगखान्यात काळा हौद सगळ्यांची पापं पोटात घालतो. गुलाबी सुताला डाग पडला, निळ्याची छटा चुकली, पिवळ्यात कुणी भलतंच मिसळलं, की ते सूत काळ्यात जातं आणि निमूट काळं होऊन बाहेर येतं. वहिनींचे सासरे म्हणायचे, "काळ्या हौदाला कुणी साक्षीला बोलावू नका. त्याला काही आठवत नाही."

सासऱ्यांच्या काळात सुताच्या लडी लाकडी दांड्यांवर टांगून हातांनी बुडवायच्या. सासरे हौदातलं पाणी बोटानं जिभेच्या टोकाला लावत आणि आंबट की खारट ते सांगत. त्यांचा अंदाज चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं, आणि जिभेचं पुढे काय झालं तेही कुणी विचारलं नव्हतं. वहिनी लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा घरातल्या सगळ्यांचे हात कोपरापर्यंत रंगलेले असत आणि रंगावरून त्या दिवशी कुठली ऑर्डर आहे ते कळे. मग पंप आले, मग बंद झाकणांचे मोठे हौद आले, आणि वहिनींच्या यजमानांच्या, म्हणजे दादांच्या हाती कारभार आल्यावर प्रत्येक हौदाला एक कॉम्प्युटर बसला. जिभेचं काम संपलं. हातही पांढरे झाले.

कॉम्प्युटरच्या आत एक ऑपरेटिंग सिस्टिम असते. कोणता पंप केव्हा सुरू करायचा, कोणता व्हॉल्व्ह केव्हा मिटायचा, हे निरोप इकडून तिकडे पोचवायचं काम तिचं. दादांनी घेतलेली सिस्टिम देशोदेशी विखुरलेली काही माणसं हौसेनं बनवत. तिची पक्की आवृत्ती वर्षाकाठी एखाद-दोनदा निघे. बाकीचे दिवस कच्ची चालू असे, रोज थोडी बदललेली, रोज थोडी बिघडलेली. शहाणी माणसं पक्कीची वाट बघत. दादा दर सोमवारी सकाळी इंटरनेटवरून कच्ची उतरवून घेत, आणि ती एखाद्या रिकाम्या टेबलावरच्या मशीनवर नाही, तर सुतानं भरलेल्या, वाफाळत्या, कामाच्या हौदांवर चढवत.

"अरे, लोक नवी चप्पल आधी घरात घालून बघतात," अक्का म्हणायच्या. अक्का म्हणजे दादांची थोरली बहीण. "तू थेट लग्नाला घालून निघतोस!"

"अक्का, घरात चप्पल चावत नाही," दादा म्हणत.

तसे ते अगदीच बेफिकीर नव्हते. नव्या कच्चीशेजारी जुनी आवृत्ती जपून ठेवलेली असे. नवी रुसली तर जुनीला हाक मारायची. शिवाय नवी कच्ची पहिल्यांदा काळ्या हौदावर चढे. तिथे ती काही दिवस गप्प राहिली, की फिक्या रंगांवर, आणि सगळ्यात शेवटी पांढऱ्यावर. कारण काळ्यात काय चुकलं ते काळ्यातच मुरतं. पांढऱ्याची मात्र चार गावांत बोंब होते.

अक्का एका मोठ्या दवाखान्याची लाँड्री सांभाळत. त्यांची यंत्रंही याच सिस्टिमवर चालत, पण अक्कांना हवी ती पक्कीच. "माझ्या चादरींवर टाके घातलेली माणसं झोपतात. तुझ्या सुतानं काय, फार तर कुणाचा सदरा बिघडेल."

"तुझी पक्की माझ्याच कच्चीतून पिकते, हे विसरू नकोस."

"हो रे बाबा, तू आमचा आचारी. चाखून बघ आणि सांग. मेलास तर आम्ही जेवणार नाही."

असं ती दोघं भावंडं बोलत आणि दोघंही हसत.

खोटं नव्हतं ते. पंप आणि व्हॉल्व्ह जोडून कच्ची चालवणारं जगात दुसरं फारसं कुणी नव्हतंच. सिस्टिमचा तो भाग लिहिणारी एक बाई होती, कुठल्या देशातली कोण जाणे. दादांनी तिचं नाव ठेवलं होतं टिटवी, कारण एवढंसं काही दिसलं की ती कलकलाट करी. तिच्या लेखी दादांनाही नाव नव्हतं. ते सगळे त्यांना 'रंगखाना' म्हणत. रंगखान्यानं तक्रार लिहिली की टिटवी दुरुस्ती करी. रंगखाना गप्प राहिला की काम पास. हा त्यांचा रिवाज इतक्या वर्षांचा होता, की तो कुणी कधी ठरवला हेही दोघांना सांगता आलं नसतं.

दादा गेले ते दवाखान्याच्या बाकावर, आपला नंबर यायची वाट बघत. शेजारच्या बाईंना वाटलं, डुलकी लागली. त्यांनी स्वतःची पिशवी थोडी सरकवून त्यांच्या डोक्याला टेकू दिला होता.

वहिनी रडल्या नाहीत. येणारेजाणारे आधी धास्तावले, मग निर्धास्त झाले. "धीराची आहे हो," असं म्हणून चहा पिऊन जाऊ लागले. पुढे तेही यायचे थांबले, कारण सावरलेल्या माणसाकडे किती दिवस यायचं? वहिनींना कुणाचा रागही आला नाही. दात काढताना डॉक्टर गाल बधिर करतात आणि मग आपलाच ओठ आपल्या दाताखाली आला तरी कळत नाही, तसं चाललं होतं. बॉयलरची शिट्टी पलीकडच्या घरातून आल्यासारखी ऐकू येई. चहा गरम असे, एवढंच त्याच्याविषयी सांगता आलं असतं. कुणी विचारलं, की त्या म्हणत, "ठीक आहे." हे दोन शब्द बोलायला फार कष्ट पडत नाहीत.

सोमवार आला तशा त्या काचेच्या केबिनमध्ये जाऊन बसल्या आणि त्यांनी कच्ची उतरवली. दादांच्या शेजारच्या खुर्चीत बसून उभा जन्म पाहिलेलं काम. हातांना विचारावं लागलं नाही. काळ्या हौदावर चढवली, जुनी शेजारी जपून ठेवली, खाली हौदांवर देखरेख करणाऱ्या मिस्त्रींना हात केला. मिस्त्रींनी झाकण लावलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी त्यांच्या लक्षात आलं, की पडद्यावर सुतावर रंग बसवणाऱ्या सोड्याचा व्हॉल्व्ह बंद दिसतोय, हिरवा दिवा लागलाय, आणि खाली पाइपातून धार चालूच आहे. बारीक, सुताएवढी. दोन पंप एकदम चालू असले, की 'मिट' हा निरोप वाटेत कुठेतरी हरवत होता. त्या जिना उतरून हौदामागे गेल्या, व्हॉल्व्हची कडी हातानं फिरवली, धार थांबली. काळं सूत काळं निघालं. सोडा जास्त झाल्याची त्यानं तक्रार केली नाही.

दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. त्या पुन्हा उतरल्या. पुढच्या सोमवारची कच्ची चढवली, तीतही तेच. मग तो दिनक्रमच झाला. जेवणानंतर उतरायचं, कडी फिरवायची, थोडा वेळ गरम पत्र्याजवळ उभं राहायचं, वर यायचं.

तक्रार लिहायला हवी हे त्यांना कळत होतं. पण टिटवीला तक्रारी लिहायची पडद्यावरची खिडकी उघडली, की सगळ्यात खाली दादांची शेवटची ओळ होती. टिटवीनं काहीतरी विचारलं होतं आणि दादांनी लिहिलं होतं: "उद्या बघून सांगतो." काही लिहायचं तर त्या ओळीच्या खाली लिहावं लागणार होतं. आणि आधी काय लिहायचं? नात्यातल्या सगळ्यांना दादांची बातमी दुसऱ्या कुणीतरी दिली होती. अक्कांनी फोन केले होते, मिस्त्रींनी फाटकावर पाटी लावली होती. वहिनींनी स्वतःच्या तोंडानं ते वाक्य एकदाही म्हटलं नव्हतं. त्या खिडकी मिटत आणि कडी फिरवायला जात. कडीला काही सांगावं लागत नाही.

एका बुधवारी टिटवीचा निरोप आला. "रंगखाना बरेच दिवस गप्प आहे, म्हणजे पंप-व्हॉल्व्ह सगळं नीट चाललंय असं धरते. या शुक्रवारी आवृत्ती पक्की करून बाहेर सोडतोय. तुम्ही नसतात तर माझी हिंमत झाली नसती."

वहिनींनी निरोप वाचला. पुन्हा वाचला. तेवढ्यात फोन वाजला.

"मी बोलतेय," अक्का म्हणाल्या. मागे ड्रम फिरल्याचा घरघराट होता. "शुक्रवारी पक्की येतेय म्हणे. शनिवारी माझं काम कमी असतं, तेव्हा सगळ्या यंत्रांवर एकदम चढवून टाकते. तुमच्याकडे काही कुरबुर नाही ना?"

"ठीक आहे," वहिनी म्हणाल्या.

"बरं. आणि तू?"

"ठीक आहे."

"जेवत जा वेळेवर," अक्का म्हणाल्या आणि घरघराटात परत गेल्या.

वहिनींनी फोन ठेवला. आपण खोटं बोललो असं त्यांना वाटलं नाही. खरं बोललो असंही वाटलं नाही. सवयीनं कुणी दिवा मालवावा तसे ते दोन शब्द तोंडातून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या, तर पांढऱ्या हौदाजवळ माणसं जमली होती. मिस्त्रींच्या हातात ओली लडी होती. त्यांनी एक धागा ओढला, तो तुटला. दुसरा ओढला, तोही तुटला. आवाजसुद्धा झाला नाही. पिकलेल्या केळ्याच्या सालीतून दोरे निघावेत तसं ते सूत बोटांत येत होतं.

"ब्लीच," मिस्त्री म्हणाले. "प्रमाणाबाहेर. रात्रपाळीनं रीतसर मोजून घातलंय, पडद्यावर व्हॉल्व्ह बंद दिसतोय, आणि हे बघा. राख झालीय नुसती. वहिनी, मला काही कळेना झालंय."

"पांढऱ्यावर कोणती आवृत्ती आहे?"

मिस्त्री घुटमळले. "नवी. काळ्यावरची. मीच चढवली, काल तुम्ही गेल्यावर. फिके हौद बंद होते, म्हणून थेट पांढऱ्यावर. दादांची रीतच होती ना, काळ्यावर गप्प राहिली की पुढे न्यायची. एवढे आठवडे झाले, तुम्ही काही नेईनात. म्हटलं, वहिनींच्या डोक्याला नको ताप, आपणच करून टाकू."

"काळ्यावर ती गप्प नव्हती, मिस्त्री."

"म्हणजे?"

"रोज दुपारी मी व्हॉल्व्ह हातानं मिटत होते. हौदामागे."

मिस्त्रींनी लडी खाली ठेवली. बाकीच्या माणसांकडे पाहिलं. माणसं वर छताच्या पत्र्याकडे पाहू लागली.

"तुम्ही व्हॉल्व्हसाठी जात होता?"

"मग कशासाठी?"

"अहो, आम्हाला वाटलं..." मिस्त्रींनी गळ्यातल्या फडक्यानं तोंड पुसलं. "आम्हाला वाटलं, तुम्ही तिकडे रडायला जाता. घरी सगळ्यांदेखत जमत नसेल, म्हणून हौदामागे. मी सगळ्यांना ताकीद दिली होती, की त्या वेळी तिकडे कुणी फिरकायचं नाही. आम्ही पाठ करून उभे राहायचो, वहिनी! हा बॉयलरवाला तर मुद्दाम शिट्टी मारायचा, तुम्हाला मोकळेपणा मिळावा म्हणून."

बॉयलरवाला शरमून खाली बघत होता.

वहिनींच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा होता की कसला, त्यांना स्वतःला ठरवता आलं नाही. त्यांनी ओल्या लडीतून एक धागा उचलला आणि तो बोटांत विरताना पाहिला. अक्कांच्या लाँड्रीत अशाच व्हॉल्व्हमधून अशीच ब्लीचची धार सुटणार होती. चादरी फाटल्या तर नशीब म्हणायचं. न फाटता तशाच खाटांवर गेल्या तर?

"पांढऱ्यावर जुनी चढवा," त्या म्हणाल्या. "काळ्यावर नवीच राहू द्या. आणि दोन्ही पंप चालू करा."

"आता? मुद्दाम?"

"मुद्दाम."

केबिनमध्ये जाऊन त्यांनी ती खिडकी उघडली. "उद्या बघून सांगतो" तिथेच होतं. तक्रार कशी लिहायची हे दादांनी त्यांना कधीतरी चेष्टेत सांगितलं होतं. आधी काय झालं ते, मग काय व्हायला हवं होतं ते, मग आपलं मत. आणि आपलं मत शक्यतो लिहूच नये. वहिनींनी लिहिलं, की दोन पंप एकदम चालले, की व्हॉल्व्हला 'मिट' निरोप पोचत नाही, पडदा मात्र बंद दाखवतो. आज पांढरं सूत जळालं. हे बरेच आठवडे चाललंय. रंगखाना गप्प होता, पण सगळं नीट नव्हतं. पक्की करू नका.

इथे त्या थांबल्या. पुढची ओळ लिहायला सगळा रंगखाना उपसल्याएवढे कष्ट पडले, आणि लिहून झाल्यावर ती एवढीशी दिसली. "जे तुम्हाला लिहीत असत ते माझे यजमान वारले. मशीन आता मी चालवते."

पाठवलं. काहीच झालं नाही. छत कोसळलं नाही. खाली पंपांचा आवाज सुरू झाला होता.

टिटवीचं उत्तर लगेच आलं. त्यात सांत्वन नव्हतं. "कोणते दोन पंप? दिवा हिरवाच राहतो की मध्ये एकदा लुकलुकतो?" वहिनींनी लिहिलं. पुन्हा प्रश्न, पुन्हा उत्तर. आणि शेवटी: "आवृत्ती थांबवली आहे, सगळ्यांना कळवलं. नुसतं वाचून मला दोष सापडत नाहीये. मशीन स्वतःशी जे पुटपुटतं, म्हणजे त्याच्या आतल्या नोंदी, ते सगळं माझ्याकडे येईल असं करा आणि धार सुटली, की हात लावू नका. तुम्ही मिटत होता, म्हणून ते कधी शेवटपर्यंत गेलंच नाही. मला ते शेवटपर्यंत जाताना बघायचंय." त्याखाली, खूप वेळानं, आणखी एक ओळ आली. "मला वाटत होतं, ते माझ्यावर रागावलेत."

वहिनींनी अक्कांना फोन लावला.

"अक्का, शनिवारी काही चढवू नका. पक्की थांबवलीय. व्हॉल्व्ह मिटत नाही तिच्यात. आमचं पांढरं सूत जळालं."

"काय? अगं, काल तर ठीक म्हणालीस!"

"हो."

"हो काय, हो? तुला माहीत होतं?"

"होतं. बरेच दिवस."

अक्का सुरू झाल्या. "तुला अक्कल आहे का गं? माझ्याकडे भाजलेली माणसं आहेत, नुकती जन्मलेली पोरं आहेत! ब्लीचच्या चादरीत गुंडाळली असती मी त्यांना, तुझ्या एका शब्दावर! तोंड शिवलं होतं का तुझं? इतकी वर्षं त्याच्याबरोबर राहून एवढंसुद्धा शिकली नाहीस, की बिघडलं तर बिघडलं म्हणावं?"

वहिनी फोन कानाशी धरून ऐकत राहिल्या. दादा गेल्यापासून त्यांच्याशी कुणी आवाज चढवून बोललं नव्हतं. सगळी माणसं पायांना कापूस बांधून त्यांच्याभोवती फिरत होती. अक्कांचा शब्द न् शब्द कानात शिरत होता, आणि शिरताना दुखत होता.

"बोल ना! की अजून ठीकच आहे?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "ठीक नाहीये."

पलीकडे ड्रम फिरत राहिले.

"येतेय मी," अक्का म्हणाल्या.

"कशाला?"

"भांडायला. फोनवर माझं समाधान होत नाही."

त्या आल्या त्या लाँड्रीच्या रबरी एप्रनसकट. वहिनी केबिनमध्ये नव्हत्या; काळ्या हौदामागे सुताच्या खोक्यावर बसल्या होत्या. समोर पाइपातून धार चालू होती. आता सुताएवढी नव्हती, चांगली करंगळीएवढी झाली होती. नाली भरून वाहत होती आणि फरशीवर फेस पसरत होता. पडद्यावर हिरवा दिवा जळतच असणार.

"अगंबाई!" अक्कांनी भांडण दाराशीच ठेवलं आणि सरळ कडीला हात घातला. वहिनींनी त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या."

"अगं, वाहतंय की!"

"वाहू द्या. टिटवी बघतेय तिकडून. कुठे अडतंय ते सापडायचं, तर मध्ये हात घालायचा नाही."

"आणि हे सगळं वाया चाललंय ते?"

"जाऊ द्या."

अक्कांचं मनगट लाँड्रीच्या वाफेनं ऊन होतं. ते वहिनींच्या हातात थोडं हिसकलं, मग थांबलं. अक्कांनी फेसाकडे पाहिलं, एप्रन गोळा केला आणि पायानं दुसरं खोकं जवळ ओढून त्या बसल्या.

"तो असता तर शिव्या घातल्या असत्या त्यानं," त्या म्हणाल्या. "तुला नाही. टिटवीला." आणि त्यांचा आवाज फाटला. एवढ्या तोंडाळ अक्का, पण रडताना त्यांचा आवाज होत नव्हता, फक्त रबरी एप्रन हलत होता.

वहिनींना अजून रडू येत नव्हतं. त्यांनी मनगट सोडलं नाही. फेस त्यांच्या चपलांपर्यंत आला, बोटांत शिरला. तो गरम होता, आणि थोड्या वेळानं चावूही लागला. त्यांनी पाय उचलून खोक्यावर घेतले आणि अक्कांनाही घ्यायला लावले.